ढग वळल्यावर

योसेफ्सतालच्या घंटेला नाव होतं, अन्ना. कान्सासच्या त्या सपाट माळावर दगडी चर्च बांधून झालं तेव्हा पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडून तिचं रीतसर बारसं केलं होतं. गावातल्या दोन घरांनी तिचे धर्माचे आईबाप म्हणून मिरवून घेतलं होतं, आणि बारशाच्या जेवणात कोबीचे पाव कमी पडले म्हणून त्या दोन घरांत पुढे कित्येक वर्षं धुसफूस होती. थोडक्यात, ती घंटा माणसांत जमा होती. म्हणून मेरिट गावच्या देशनिष्ठा समितीचा हुकूम आला, की युद्ध संपेपर्यंत रविवारच्या प्रार्थनेखेरीज घंटा वाजवायची नाही, तेव्हा घरातल्या म्हातारीच्या तोंडावर कोणीतरी हात दाबल्यासारखं सगळ्यांना वाटलं. बोललं मात्र कोणी नाही. एकोणीसशे अठराच्या त्या उन्हाळ्यात बोलायचीच चोरी होती.

हे लोक रशियात व्होल्गाकाठी राहत होते तेव्हा शेजारीपाजारी त्यांना जर्मन म्हणायचे. अमेरिकेत आले तर मेरिटचे इंग्रजी लोक त्यांना रशियन म्हणू लागले. चाळीस वर्षांत तेही अंगवळणी पडलं, तोवर जर्मनीशी युद्ध लागलं आणि ते रातोरात पुन्हा जर्मन झाले. माणूस तोच, टोपी तीच, शिवी तेवढी बदलली. पलीकडच्या वस्तीतला फालेंटिन उर्बान मेरिटच्या दुकानात बायकोशी जर्मनमध्ये दोन शब्द बोलला, तर त्याला भर चौकात डांबर फासून वर कोंबड्यांची पिसं चिकटवली. योसेफ्सतालच्या चर्चच्या दारावर कोणीतरी गद्दाराची खूण म्हणून पिवळा रंग ओतून गेलं. बायकांनी तो साबणाने घासघासून काढला, तरी लाकडाच्या रेघांत राहिलाच. सगळ्या वस्त्यांच्या सामाईक टेलिफोनवर कोणी जर्मन बोलायला लागलं की मध्येच तिसरं कोणीतरी खाकरायचं. त्या खाकरण्याने गावाचं धाबं दणाणलं होतं.

घंटा वाजवायचं काम कुनिगुंडा होल्झमानकडे होतं. खरं तर ते तिच्या नवऱ्याचं, वेंडेलिनचं काम, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाचं. पण मळणीयंत्रावरून पडून वेंडेलिनचं कंबरेचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्याचं जग कुबडी, दारापुढचा बाक आणि सूर्यफुलाच्या बिया एवढंच उरलं. मग कुनीने दोर हाती घेतला. पन्नाशीची, ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. मनोऱ्याच्या शिडीवर तिला बघून सुरुवातीला पोरं हसायची. घंटा ऐकल्यावर हसणं थांबलं. बापाने वेंडेलिनला आणि वेंडेलिनने तिला शिकवलं होतं, मयताची घंटा कशी थांबत थांबत वाजवायची, लग्नाची कशी, आणि गारांची कशी.

गारांची घंटा ही व्होल्गावरून आणलेली रीत. काळं आभाळ पिकावर चालून आलं की घंटा जोरजोरात, न थांबता वाजवायची. आशीर्वाद दिलेल्या घंटेचा आवाज ढगाला सोसत नाही, तो फुटतो नाहीतर वळतो. मेरिटचे लोक याला हसायचे. हसोत. कुनीने स्वतःच्या डोळ्यांनी ढग वळलेला पाहिला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. न वळलेलाही पाहिला होता, पण तो कोण लक्षात ठेवतो?

त्या रीतीला एक पोटनियम होता. वेंडेलिनचा बाप तो दर खेपेला सांगायचा: ढग वळला की हात आवर. आपल्यावरची बला लोटायची, पण दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचवायला जायचं नाही. ढग वळल्यावरही जो वाजवत राहतो, त्याच्या हातून देव ती घंटा काढून घेतो.

जूनच्या अखेरचा दिवस होता. गहू पिवळाधमक उभा होता आणि कापणी दाराशी आली होती. पाद्रीबाबा दूरच्या वस्तीत एका मरणाऱ्याला शेवटच्या संस्काराचं तेल लावायला गेले होते. कुनी शेवयांसाठी पीठ मळत होती, तेवढ्यात बाकावरून वेंडेलिनने हाक मारली.

“कुनी, हात पुसून बाहेर ये.”

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. पश्चिमेला आभाळ हिरवट काळं झालं होतं आणि त्याच्या पोटाखाली पांढरट झालर लोंबत होती. वारा पडला होता. लांबून जातं फिरावं तशी घरघर येत होती, आणि ती घरघर ज्याने एकदा ऐकलीय त्याला गारा म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

चर्चपुढे माणसं जमू लागली होती. सगळे एकदा आभाळाकडे बघत आणि एकदा कुनीकडे. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांपुढचा प्रश्न. इथे घंटा आयतीच बांधलेली होती, ती वाजवायची कोणी एवढंच उरलं होतं. गावचा कारभारी आंटोन बायर टोपी हातात फिरवत म्हणाला, की पाद्रीबाबा असते तर त्यांनी काय ते सांगितलं असतं, आपण कोण सांगणार? एरवी हाच आंटोन कोणाच्या कोंबडीने अंडं कुठे घालावं तेही सांगायचा.

“कुनीमावशी, तुला योग्य वाटेल ते कर बाई,” तो पुढे म्हणाला. म्हणजे वाजव, आणि आम्ही सांगितलं म्हणू नकोस.

कुनीने नवऱ्याकडे पाहिलं. वेंडेलिनने बियांची फोलं थुंकली.

“वाजवलीस तर समिती येईल. नाही वाजवलीस तर गारा येतील,” तो म्हणाला. “गारा आत्ता येतायत. समिती नंतर.”

इकडे आड, तिकडे विहीर. कुनीला फालेंटिन उर्बानची पाठ आठवली. डांबर काढताना चामडी सोलून आली होती, आणि बायको लोणी लावताना तो लहान मुलासारखा कण्हत होता. मग तिने गव्हाकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येक घराचं वर्षभराचं तोंड त्या गव्हात होतं. ती शिडीकडे वळली.

“कुनी,” मागून वेंडेलिन म्हणाला, “ढग वळला की हात आवर.”

दोर मनोऱ्याच्या मधल्या माळ्यावर उतरत होता. तिथे चारी बाजूंना लाकडी झरोके होते. कुनीने झरोके उघडले, क्रूसाची खूण केली आणि दोराला लोंबकळली. अन्ना हलली, मग बोलली, मग ओरडायलाच लागली. खालची माणसं गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागली. ढग येतच होता. त्याच्या पोटात विजा चमकत होत्या, आणि कुनी खाली बसत होती, उठत होती, खाली बसत होती. तळहाताची साल निघाली तरी तिला कळलं नाही. भीतीने माणसाच्या अंगात बळ येतं म्हणतात ते खोटं नाही. पण त्या बळाला डोळे नसतात, हे कोणी सांगत नाही.

आणि ढग वळला. गावाच्या वेशीवर आल्यासारखा अडखळला आणि दक्षिणेकडे कलला. कुनीने दक्षिणेच्या झरोक्यातून पाहिलं. ओढ्यापलीकडे पत्र्याचं छप्पर होतं, छपराला लागून गव्हाचा लांबट तुकडा, आणि अंगणात एक बाई एकटीच उभी. नोरा गॅरिटी.

नोरा आयर्लंडची. मेरिटमध्ये कॅथलिक चर्च नाही, म्हणून दर रविवारी योसेफ्सतालला येऊन मागच्या बाकावर बसायची. समजायचा एक शब्द नाही, तरी प्रार्थनेत गुडघे मात्र बरोबर जागी टेकायची. तिचा नवरा लवकर गेला. तिच्या एकुलत्या एक पोराला, डेनिसला, कुनीनेच या जगात ओढून काढलं होतं. हिमवादळात डॉक्टर येणं शक्यच नव्हतं. डेनिस आणि कुनीचा मुलगा अलोइस ओढ्यात एकत्र डुंबले, एकत्र मार खाल्ला आणि सैन्याचं बोलावणं आल्यावर एकाच गाडीने गेले. नोराची जर्मन आणि कुनीची इंग्रजी, दोन्ही लंगड्या; पण दोघी मिळून बरं चालायचं. फालेंटिनच्या प्रकारानंतर गावात पाऊल टाकणारी नोरा ही एकच परकी बाई उरली होती.

ढग नोराच्या शेताकडे निघाला होता. नियम कुनीला पाठ होता. हात आवरायची वेळ हीच. पण ढगाची मागची कड अजून गावावर होती, काळीकुट्ट, आणि ती वळली नसती तर? खालून प्रार्थनेचा आवाज चढत होता. कुनीने दक्षिणेच्या झरोक्याकडे पाठ केली आणि वाजवत राहिली. कड सरकली, तरी ती वाजवत राहिली. शेवटी मान वळवून पाहिलं तर ओढ्यापलीकडे पांढरा पडदा पडला होता. छप्पर दिसत नव्हतं, गहू दिसत नव्हता, बाई दिसत नव्हती. मग तिचे हात आपोआप थांबले.

खाली उतरली तेव्हा आंटोन बायरने तिचा हात हातात घेतला. बायकांनी मिठ्या मारल्या. गावात एक गार पडली नव्हती, पाण्याचा एक थेंब नाही. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ झालं होतं. कुनी घरात जाऊन अर्धवट मळलेलं पीठ पुन्हा मळू लागली. उद्या पाव घेऊन नोराकडे जाऊ, तिने ठरवलं. काय झालं ते बघू, मदत करू. मी पाहिलं होतं हे सांगायचं की नाही, ते उद्याचं उद्या. शेजारधर्माचा हिशेब माणूस असाच उद्यावर ढकलतो.

दुपार कलायच्या आत उत्तरेच्या रस्त्यावर धूळ उठली. तीन मोटारी होत्या.

गाव बघता बघता रिकामं झालं. दारं लागली, पडदे ओढले गेले. मघाशी हात हातात घेणारा आंटोन कुठे गेला ते त्याचं त्याला ठाऊक. चर्चपुढच्या बाकावर वेंडेलिन तेवढा उरला, कारण त्याला पळता येत नव्हतं, आणि त्याच्या बाजूला कुनी, कारण तो तिथे होता.

मोटारींतून दहा-बारा जण उतरले. पुढे होता प्रुइट, मेरिटच्या धान्यकोठाराचा मालक आणि समितीचा अध्यक्ष. एरवी हा माणूस गव्हाच्या गाड्या मोजताना विनोद करायचा, पोरांना गोळ्या वाटायचा. आज त्याचे डोळे सुजलेले होते. मागच्या एकाच्या हातात पिवळ्या रंगाचा डबा होता आणि दुसऱ्याच्या खांद्यावर दोरखंड. कुनीने दोरखंड पाहिला आणि ती वेंडेलिनच्या आणखी जवळ सरकली.

“घंटा कोणी वाजवली?” प्रुइटने विचारलं.

“मी,” वेंडेलिन म्हणाला.

प्रुइटने कुबडीकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे. “आणि कशासाठी? आनंद कशाचा झाला एवढा?”

वेंडेलिनने मोडक्यातोडक्या इंग्रजीत गारांचं सांगितलं. ढग, घंटा, गहू. ऐकता ऐकता मागच्या लोकांत एक कडू हसू फिरलं. प्रुइटने वाकून मूठभर माती उचलली आणि वेंडेलिनच्या मांडीवर ओतली. माती कोरडी होती.

“गारा,” तो म्हणाला. “कुठायत गारा? मेरिटपासून इथवर थेंब नाही पडला. मी सांगतो कशासाठी वाजवलीत ते. सकाळी स्टेशनवर तार आली. तुमच्या लोकांनी फ्रान्सात डेनिस गॅरिटीला मारला. आपल्या तालुक्यातला पहिला. टेलिफोनवर सगळीकडे कळलं, तुमच्याही टेलिफोनवर कळलं असणार, आणि ताबडतोब तुमची घंटा सुरू झाली. थांबतच नव्हती. मेरिटपर्यंत ऐकू येत होती.” त्याचा आवाज फाटला. “पोरगा दोन हंगाम माझ्याकडे कामाला होता.”

कुनीला पुढचं काही ऐकू आलं नाही. डेनिस. त्या रात्री बाहेर बर्फ घोंघावत होतं आणि पोर निळं पडलं होतं, रडत नव्हतं; तिने त्याला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि ते एकदाचं ओरडलं, तेव्हा नोरा आणि ती दोघी हसत सुटल्या होत्या. तो डेनिस गेला, आणि हे तिला असं, रंगाचा डबा समोर धरून सांगितलं जात होतं. तिच्या तोंडून एक हुंदका फुटला आणि जर्मनमध्ये देवाचं नाव निघालं. एकाने तिच्या तोंडासमोर बोट नाचवून ती भाषा बंद करायला सांगितली.

दोघांनी वेंडेलिनला काखेत धरून उठवलं. कुबडी पडली. मोटारीकडे ओढताना त्याचा मोडका पाय जमिनीवर रेघ काढत गेला, आणि तो ओरडला नाही, फक्त तोंडातल्या बिया गळून पडल्या. ते बघून कुनीच्या भीतीचं काय झालं कोण जाणे. गेली नाही. पण पाय हलले.

“सोडा त्याला,” ती इंग्रजीत म्हणाली. “त्याला बाक सोडून चार पावलं जाता येत नाही. मी वाजवली. हे बघा.”

तिने तळहात पुढे केले. सालं निघालेली, दोराच्या चऱ्यांत रक्त सुकलेलं. बाईला रंग फासायचा की नाही, याचा त्यांनी विचार करून ठेवलेला नव्हता. डबेवाला मात्र पुढे सरकला. झाकण उघडल्याचा आवाज कुनीने ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गाडीची खडखड आली.

ओढ्याकडच्या वाटेने नोरा येत होती. घोड्याच्या पाठीवर जागोजागी रक्ताचे ओघळ होते आणि तो लंगडत होता. नोराच्या डोक्याला ओढणी घट्ट बांधली होती, कपाळावर टेंगूळ आलं होतं. ती उतरली, गाडीतून दूध काढायची बादली उचलली आणि प्रुइटच्या पायाशी उलटी केली. गारा घरंगळत गेल्या. अर्ध्या वितळलेल्या, तरी कबुतराच्या अंड्याएवढ्या.

सगळ्या टोप्या हळूहळू डोक्यावरून उतरल्या. या बाईचा मुलगा गेला होता, आणि तिच्यासाठीच म्हणून हे सगळे आले होते.

“गारांसाठी वाजवली त्यांनी,” नोरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “दरसाल वाजवतात. मी कोंबड्या आत घेतल्या, त्या हीच घंटा ऐकून. माझा गहू गेला, सगळा. एक ताट उभं नाही.”

प्रुइटने गारांकडे पाहिलं, मग गावाच्या उभ्या गव्हाकडे. त्याच्या तोंडावर एक वेगळाच भाव आला. मघाशी जे हसत होते तेच आता हळूच मनोऱ्याकडे बघू लागले.

“म्हणजे यांनी तुझ्यावर लोटल्या,” डबेवाला म्हणाला.

सुंठीवाचून खोकला जातोय असं वाटेपर्यंत हे नवं दुखणं निघालं. आनंदाने घंटा वाजवल्याचा आरोप खोटा होता. हा खरा होता. आणि न्याय करायला समोर उभी होती नोरा. नोराने एक शब्द उच्चारला असता तर बाकीचं त्या डब्याने केलं असतं.

नोराने कुनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ढग का कोणी लोटतं?” ती म्हणाली. “लहान पोरं आहात का रे? माझ्या डेनिसच्या नावाने इथे काही करायचं नाही. त्याला या बाईने जन्माला घातलं. मी नुसती ओरडत होते. जा घरी.”

ते गेले. पण रिकाम्या हाताने परतणं जमावाला जमत नाही. त्यांनी मनोऱ्यातला घंटेचा दोर कापून खाली ओढला आणि मोटारीत टाकला. प्रुइट चढण्याआधी कुनीपाशी आला. आवाज हळू होता, म्हणून जास्त भीती वाटली.

“या घंटेचा पुन्हा आवाज आला,” तो म्हणाला, “तर आम्ही विचारायला येणार नाही.”

मोटारी उत्तरेला निघाल्या. कुनीने आणि नोराने मिळून वेंडेलिनला बाकावर बसवलं. त्याने कुबडी मागितली. नोराने ती त्याच्या हातात दिली. मग दोघी चर्चच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पायरीखाली गारांचं पाणी होऊन मातीत मुरत होतं.

“तार सकाळीच आणून दिली,” नोरा म्हणाली. ती आता त्या दोघींच्या खिचडी भाषेत बोलत होती. “मी अंगणात उभी होते, किती वेळ कोण जाणे. मग तुझी घंटा सुरू झाली. मला वाटलं, कुनीला कळलं. डेनिससाठी वाजवतेय.” ती थांबली. “मग वाटलं, मेलेल्या माणसासाठी इतक्या घाईने कोण वाजवतं? आणि मग वर बघितलं.”

कुनीने तिचा हात धरायला हात पुढे केला. नोराने हात मागे घेतला.

“तो म्हातारा सांगायचा ना, वेंडेलिनचा बाप, की वळला की थांबायचं? तूच सांगितलं होतंस मला.”

“हो.”

“तू वर होतीस. तुला दिसत होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. धूळ होती, अंधारून आलं होतं, दोर ओढताना मान वर होत नाही. नोराने यातलं काहीही मान्य केलं असतं, कदाचित तिला तेच हवं होतं. कुनीला मघाच्या डब्याची वाटली त्याहून जास्त भीती आता वाटत होती. तो डबा परक्यांच्या हातात होता.

“दिसत होतं,” ती म्हणाली. “ढग वळला ते दिसलं. तू अंगणात उभी होतीस ते दिसलं. मी घाबरले, नोरा. मी पाठ केली आणि वाजवत राहिले.”

नोराने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर कुनीला बरं वाटलं असतं.

“त्याला तिकडे कुठे पुरलं असेल, कोणी काय म्हटलं असेल, माहीत नाही,” नोरा म्हणाली. “मेरिटच्या चर्चमध्ये आपली रीत नाही. त्याची घंटा झाली पाहिजे. आज झाली पाहिजे.”

कुनीने उत्तरेकडे पाहिलं. मोटारींची धूळ अजून जवळच होती.

“दोर नेलाय त्यांनी.”

“वर जाता येतं,” नोरा म्हणाली.

वेंडेलिनने बाकावरून ऐकलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आसपासच्या घरांचे पडदे हलले. पडद्याआडून आंटोन बायर की आणखी कोणी हळूच, दबल्या आवाजात म्हणालं, “मावशी, नको. सगळं गाव जळेल.” मघाशी योग्य वाटेल ते कर म्हणणाऱ्या गावाला आता काय योग्य ते पक्कं कळलं होतं.

मधल्या माळ्याच्या वर एक अरुंद शिडी होती, कबुतरांच्या विष्ठेने माखलेली. कुनी तिथे कधी गेली नव्हती. ती चढली, मध्ये दोनदा थांबली, आणि अन्नाच्या खाली जाऊन उभी राहिली. तिथे भिंती नव्हत्या, नुसत्या कमानी. दक्षिणेला नोराचं शेत होतं. गहू जमिनीला चिकटून चिखलात कालवला गेला होता आणि खळग्यांत अजून पांढरं दिसत होतं. यावेळी त्या बाजूला पाठ करून उभं राहायला जागा नव्हती. उत्तरेला रस्ता होता, आणि रस्त्यावर मोटारी.

कुनीने सोललेल्या हातांनी लोलक धरला, मागे ओढला आणि सोडला. टोला घुमला. अगदी कानाशी, हाडांतून गेला. ती थांबली, मयताला थांबायचं असतं तितकी, आणि पुन्हा ओढला. खाली पायरीवर नोरा गुडघ्यांवर बसली होती.

तिसऱ्या टोल्याला मोटारींची धूळ थांबली. चौथ्याला पहिली मोटार रस्त्यावर आडवी होऊन वळू लागली.

कुनीने लोलक पुन्हा मागे ओढला. तिने पाहिलं, नीट पाहिलं, आणि थांबली नाही.